वर्गातला मोबाइल: बघण्यासाठी कमी, करण्यासाठी जास्त

आज आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत भिंतीवर स्मार्ट टीव्ही दिसतो. कुठे तो ग्रामपंचायतीने दिलेला असतो, कुठे लोकवर्गणीतून आलेला, कुठे माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला. जिथे तोही नाही, तिथे निदान शिक्षकाच्या खिशात स्मार्टफोन असतो. साधन शाळेत पोहोचले. त्यावर नेमके काय करायचे, हे ठरवण्याचे काम मात्र वर्गशिक्षकावर येऊन पडले. सकाळी परिपाठ, मग हजेरी, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणे, दोन-दोन इयत्ता एकत्र, आणि या सगळ्यात 'तंत्रज्ञानाचा वापर करा' ही सूचना. कसा करायचा, ते सांगणारे कमी असतात. हा लेख त्या 'कसा'बद्दल आहे.

मुलांच्या बाजूचे चित्र आधी समजून घेऊ. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे ८२ टक्के जणांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो शिकण्याशी संबंधित कशासाठी तरी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांत त्रास देणाऱ्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे, हे ६२ टक्क्यांना माहीत होते. आपले प्रोफाइल खासगी कसे ठेवायचे, हे त्याहूनही कमी जणांना येत होते. म्हणजे फोन मुलांच्या हातात आधीच आहे आणि तो कसा वापरायचा हे बहुतेक मुले आपापसांत शिकत आहेत. शाळेने त्याकडे पाठ फिरवली, तर हे शिक्षण तसेच अर्धवट राहील.

म्हणून या लेखात मी एकच कसोटी पुन्हा पुन्हा वापरणार आहे: साधन सुरू असताना मुले काय करत आहेत? ती बोलत, मोजत, लिहीत, शोधत, आपली चूक दुरुस्त करत असतील, तर साधन कामाला आले. नुसती बघत बसली असतील, तर पडदा कितीही मोठा असला तरी तास वाया गेला.

आधी पाठ ठरवा, मग साधन

टाचण काढताना पहिली ओळ अध्ययन निष्पत्तीची असावी: आज मुलांना काय यायला हवे? त्यानंतर विचारा, की खडू-फळा, पाठ्यपुस्तक आणि आजूबाजूच्या वस्तू यांनी ते साधते का? साधत असेल तर टीव्ही बंदच राहू द्या. मटकीला मोड येताना वर्गात दिसत असतील, तर बी रुजण्याची चित्रफीत दाखवू नका. शाळेमागे ओढा असेल, तर मातीची धूप ओढ्याच्या काठावर जाऊन बघा.

डिजिटल साधन खरोखर उपयोगी पडते ते तीन ठिकाणी. पहिले, जे वर्गात आणताच येत नाही तिथे: हृदयाचे आकुंचन-प्रसरण, ज्वालामुखी, उपग्रहातून दिसणारी नदीची वळणे. दुसरे, जे निसटून जाते ते टिपून ठेवण्यासाठी: मुलाचे वाचन, एखादा प्रयोग, गावातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी. तिसरे, वर्गातल्या प्रत्येक मुलाचे उत्तर एकाच वेळी कळावे यासाठी. या तिन्हींत न बसणारा वापर करण्याआधी थोडे थांबून विचार करा.

चित्रफीत दाखवायचीच असेल, तर काही पथ्ये पाळा. ती आदल्या दिवशी घरी पूर्ण बघा आणि डाउनलोड करून ठेवा. ऐन तासाला नेटवर्क गेले की वर्ग हातातून जातो आणि इंटरनेटवरून थेट दाखवताना मध्येच जाहिराती घुसतात. तीन-चार मिनिटांचा तुकडा पुरतो. दाखवण्याआधी फळ्यावर एक प्रश्न लिहा आणि त्याचे उत्तर शोधत बघायला सांगा. मध्ये एका जागी थांबवा आणि विचारा, 'आता पुढे काय होईल?' मुलांनी अंदाज वहीत लिहिला की मगच पुढे जा.

एक सोपा प्रयोग जरूर करून बघा. तीच चित्रफीत दुसऱ्यांदा आवाज बंद करून लावा आणि निवेदन मुलांना करायला सांगा. हृदयाच्या चित्रफितीवर सातवीतली मुलगी 'हे रक्त इकडून आत येतं' असे म्हणते. शेजारची तिला 'उजव्या कर्णिकेत' म्हणून अडवते. मग दोघी मिळून पुस्तक उघडतात. तुम्ही बाजूला उभे राहून ऐकायचे. कोणती संकल्पना पक्की झाली आणि कोणती नाही, हे त्या निवेदनातून लेखी चाचणीपेक्षा लवकर कळते. शिवाय मुले विज्ञान मराठीत बोलायला शिकतात, हा वेगळाच लाभ.

एका फोनवर अख्खा वर्ग

'प्रत्येक मुलाला टॅब मिळाल्याशिवाय काही होणार नाही' असे म्हणून थांबू नका. शिक्षकाच्या एका फोनवर बरेच काही होते.

'प्लिकर्स' नावाचे अ‍ॅप आहे. मुलांच्या हातात फक्त कागदी कार्डे असतात. प्रत्येक कार्डावर काळ्या-पांढऱ्या रंगातली वेगळी आकृती असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरे. उत्तर 'बी' असेल, तर बी ही बाजू वर धरायची. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवतो आणि कुणी काय उत्तर दिले ते फोनवर येते. आकृती प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे शेजारच्याचे बघून उत्तर देता येत नाही. कार्डे एकदा छापून पुठ्ठ्यावर चिकटवली की पुढेही वापरता येतात. अ‍ॅपमध्ये मुलांची पूर्ण नावे भरण्याची गरज नाही. हजेरी क्रमांक पुरेसा आहे.

आता पाचवीच्या गणिताचा तास समजा. प्रश्न असा: सर्वांत मोठा अपूर्णांक कोणता? पर्याय चार: एक तृतीयांश, एक चतुर्थांश, एक पंचमांश, एक अष्टमांश. कॅमेरा फिरवला की दिसते, निम्म्या वर्गाने एक अष्टमांश निवडला आहे. कारण उघड आहे: आठ हा सर्वांत मोठा आकडा. तोंडी विचारले असते, तर पुढच्या बाकावरच्या दोघांनी 'एक तृतीयांश' म्हटले असते, आपण 'शाब्बास' म्हणून पुढे गेलो असतो आणि हा निम्मा वर्ग मागेच राहिला असता.

उत्तर लगेच सांगू नका. वेगवेगळी उत्तरे दिलेल्यांच्या जोड्या लावा आणि एकमेकांना पटवून द्यायला दोन मिनिटे द्या. मग सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या वाटा. एका पट्टीचे तीन सारखे भाग, दुसरीचे आठ. दोन्हींतला एकेक भाग शेजारी ठेवला की मुले स्वतःच म्हणतात, 'वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो.' त्यानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारा आणि कॅमेरा पुन्हा फिरवा. या तासात फोन जेमतेम दोन मिनिटे वापरला जातो. बाकी वेळ मुलांची चर्चा आणि कागदाच्या घड्या. फोनचे काम इतकेच, की चूक नेमकी कुठे आहे ते त्याने दाखवले.

इंटरनेट नसेल, तर चार रंगांची कार्डेही चालतात. तिथे मोजणी अंदाजाने होते, पण प्रत्येक मुलाला उत्तर द्यावेच लागते, हा मुख्य फायदा तसाच राहतो.

फोनमधला साधा रेकॉर्डर वाचनासाठी फार उपयोगी आहे. तिसरीतल्या मुलाला एक उतारा मिनिटभर वाचू द्या, ध्वनिमुद्रण करा आणि त्यालाच ऐकवा. 'कुठे अडखळलास?' हे त्याने स्वतः शोधायचे आणि उताऱ्यात पेन्सिलने खूण करायची. पंधरा दिवसांनी तोच उतारा पुन्हा वाचायचा आणि दोन्ही आवाज एकापाठोपाठ ऐकायचे. आपली प्रगती स्वतःच्या कानांनी ऐकलेले मूल वाचायला टाळाटाळ करत नाही. हे ध्वनिमुद्रण मूल, तुम्ही आणि पालक यांच्यापुरतेच ठेवा. पालकांच्या गटावर ते टाकले, की हळू वाचणाऱ्या मुलाची लाज निघते आणि केलेले सगळे काम पाण्यात जाते.

विज्ञानासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा आभासी प्रयोगांचा संच मोफत आहे. त्यातले कित्येक प्रयोग मराठीतही आहेत आणि डाउनलोड करून इंटरनेटशिवाय चालवता येतात. क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी खरा सेल, खरी वायर, खरा बल्ब. मुलांच्या हातून बल्ब लागला की मग पडद्यावर तेच परिपथ जोडा. तारेतून वाहणारा विद्युतप्रभार डोळ्यांना दिसत नाही, तो तिथे दिसतो. दहा सेल एकदम जोडले तर काय होईल, हेही धोका न पत्करता बघता येते. ज्यांना खरे साहित्य जमवणे अवघड वाटते, त्यांनी अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरील टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या चित्रफिती बघाव्यात. तिथे मराठी पुस्तकेही मोफत आहेत.

भूगोलासाठी इस्रोच्या 'भुवन'वर किंवा गूगलच्या नकाशावर आपल्याच गावाचे उपग्रहचित्र उघडा. शाळा, विहीर, ओढा, आपापले शेत मुलांना शोधू द्या. मग वहीत नकाशा काढायला लावा आणि शाळेपासून देवळापर्यंतचे अंतर पावलांनी मोजून नकाशावरच्या अंतराशी ताडून बघा. प्रमाण ही अवघड कल्पना पायाखालून गेली की विसरली जात नाही.

मुलांनी बनवलेले अधिक मोलाचे

परितेवाडी हे सोलापूर जिल्ह्यातले लहानसे गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला आणि १० लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली, हे आपल्याला ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडशी त्यांचे नाव जोडले गेले. त्या कोडमागचे कारण मात्र कमी सांगितले जाते. मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्या भाषेत नव्हते. त्यांनी ती भाषा शिकून घेतली, मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि कविता, गोष्टी, स्वाध्याय कोडमधून त्यांच्यापर्यंत पोहोचवले. म्हणजे सुरुवात मुलाच्या अडचणीपासून झाली, तंत्र नंतर आले. आपल्या वर्गातही असेच व्हावे. पावरी, गोंडी, कोरकू, वडारी, बंजारा बोलणारी मुले पटावर असतील, तर त्यांच्या घरच्या भाषेत एखादी गोष्ट त्यांच्याच आजीकडून ध्वनिमुद्रित करून घेणे, हा डिजिटल साधनाचा फार मोलाचा उपयोग आहे.

पाचवी ते आठवीसाठी एक महिनाभराचा उपक्रम सुचवतो: गावच्या पाण्याचा इतिहास. मुलांनी गटात बसून प्रश्न काढायचे. 'नळ यायच्या आधी पाणी कुठून आणायचे? कोण आणायचे? १९७२ च्या दुष्काळात काय झाले? कोणती विहीर बुजली आणि का?' मग घरातल्या किंवा शेजारच्या ज्येष्ठांची परवानगी घेऊन शिक्षकाच्या फोनवर दहा मिनिटांची मुलाखत घ्यायची.

खरे शिकणे त्यापुढे सुरू होते. ध्वनिमुद्रण ऐकत मुलांनी ते वाक्यावाक्याने स्वतः म्हणायचे आणि फोनच्या मराठी कीबोर्डवरच्या बोलून लिहिण्याच्या सोयीने उतरवून घ्यायचे. उतरलेल्या मजकुरात विरामचिन्हे नीट नसतात, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले असते, बोलीतले शब्द भलतेच झालेले असतात. 'बारव', 'आड', 'चर्‍हाट', 'मोट' असे शब्द आले की फोन हमखास चुकतो. तो मजकूर कागदावर उतरवून मुलांनी शुद्ध करायचा. शुद्धलेखनाचा याहून जिवंत धडा सापडणे कठीण, कारण इथे चुका दुसऱ्या कुणाच्या आहेत आणि दुरुस्त करणारी मुले आहेत. अनोळखी शब्दांचे अर्थ मुलाखत दिलेल्या आजोबांनाच पुन्हा विचारायचे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर मोफत आहे. बारव, दुष्काळ, जलसिंचन या विषयांची माहिती तिथे शोधायला लावा.

शेवटी भिंतीवर लावायला हस्तलिखित आणि गावकऱ्यांना ऐकवायला दहा मिनिटांचा संकलित कार्यक्रम. तो ग्रामसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लावा. मुलांच्या कामाला खरा श्रोता मिळाला की त्याचा दर्जा आपोआप वाढतो. समाजमाध्यमांवर मिळणारे अनोळखी 'लाइक' आणि आपल्या माणसांनी लक्ष देऊन ऐकणे यांतला फरकही मुलांना इथेच कळतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट: शाळेची शिस्त तिथेही हवी

पालकांचा गट आज जवळपास प्रत्येक वर्गाचा असतो आणि त्यात सुविचार, सणांच्या शुभेच्छा, राजकारण यांच्या गर्दीत उद्याच्या चाचणीची सूचना हरवते. काही गोष्टी पहिल्याच पालकसभेत ठरवून घ्या.

* गटात संदेश फक्त अ‍ॅडमिनला टाकता येतील असे सेटिंग करा. पालकांना बोलायचे असेल, तर फोन करण्याची वेळ ठरवून द्या.
* दिवसाला एकच संदेश, ठरलेल्या वेळी. संध्याकाळी सहा म्हटले की सहा. रात्री उशिरा काही टाकू नका आणि पालकांनीही त्या वेळी तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नये, हे स्पष्ट सांगा.
* गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. अनेक आयांना आणि शिक्षिकांना याचा त्रास होतो. 'कम्युनिटी'मधल्या घोषणांच्या गटात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ती सोय वापरा. शक्य असेल तर शाळेचा वेगळा नंबर ठेवा.
* कुणाचे गुण, गैरहजेरी, तक्रार, थकलेली फी गटात कधीही लिहू नका. ते त्या पालकाशीच बोला.
* विद्यार्थ्यांना गटात घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक वापरण्यासाठी त्या कंपन्यांचीच किमान वयाची अट १३ वर्षे आहे. मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांशीही एकट्याने खासगी संदेशांची देवाणघेवाण टाळा. पालकाच्या फोनवरून किंवा पालकाला सोबत घेऊनच बोलणे, हे मुलाच्या आणि शिक्षकाच्या, दोघांच्याही हिताचे आहे.

संदेश लिहिण्यापेक्षा बोलून पाठवा. ज्यांना वाचता येत नाही अशा पालकांपर्यंतही तो पोहोचतो. 'आज तिसरीत आपण घड्याळ वाचायला शिकलो. आज जेवायच्या वेळी घड्याळात किती वाजले ते लेकराला विचारा.' एवढेच, वीस सेकंद. यात पालकाला करण्यासारखे काहीतरी आहे आणि त्यासाठी फोन मुलाच्या हातात द्यावा लागत नाही. ऊसतोडीसाठी आईवडील सहा-सहा महिने दूर जातात, तिथे तर असा आवाजातला संदेश हा शाळेशी उरलेला धागा असतो. मूल आजीकडे राहिले असेल, तर आठवड्यातून एकदा त्याचा आवाज आईवडिलांपर्यंत पोहोचवा. 'आज मी पहिल्यांदा गोष्ट पूर्ण वाचली' हे त्यांना मुलाच्याच तोंडून ऐकू द्या.

मुलांचे फोटो: हात आखडता घ्या

शाळेचा उपक्रम लोकांना दिसावा, असे वाटण्यात गैर काही नाही. वर्गणी देणाऱ्यांना आणि पालकांना कामाचा हिशेब हवाच असतो. पण मुलाचा फोटो ही आपली मालमत्ता नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायदा नसता तरी ही काळजी घ्यायलाच हवी होती.

वर्षाच्या सुरुवातीला संमतिपत्र घ्या आणि त्यात 'नाही' म्हणण्याची जागा ठेवा. 'नाही' म्हणणाऱ्यांच्या मुलांना समूहचित्रातून हाकलू नका. असा फोटो काढा, की कुणालाच वगळावे लागणार नाही: मुलांच्या हातातले काम, मागून टिपलेला वर्ग, फळ्यावरचे गणित, भिंतीवरचे हस्तलिखित. मुलाचे नाव, इयत्ता, गाव आणि चेहरा एकाच ठिकाणी एकत्र येऊ देऊ नका. अनोळखी माणसाला त्या मुलापर्यंत पोहोचायला एवढी माहिती पुरते. दप्तर, चप्पल, गणवेश वाटतानाचे फोटो काढायचेच असतील, तर वस्तूंचे काढा. मदत घेणाऱ्या मुलाचा चेहरा जगासमोर मांडला, की ती मदत त्याला आयुष्यभर बोचू शकते.

रीलबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. वर्गातली मुले नाचताना, चुकीचे उत्तर देताना, रडताना टिपून स्वतःच्या खात्यावर टाकणे थांबवा. व्हिडिओ गोड वाटतो, बघणारे हजारो असतात. पण बारा वर्षांनी तेच मूल नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हा तो व्हिडिओ तिथेच असेल. कॅमेरा लागला की मुले शिकण्यासाठी न वागता कॅमेऱ्यासाठी वागू लागतात, हे कुठलाही अनुभवी शिक्षक सांगेल.

समाजमाध्यम हाच धडा

आठवड्यातून एक तास फॉरवर्ड तपासण्याला द्या. त्यासाठी मुलांच्या हातात फोन लागत नाही. संदेश फळ्यावर लिहा.

उदाहरण घ्या. 'अभिनंदन! युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून घोषित केले आहे. प्रत्येक भारतीयापर्यंत हा संदेश पोहोचवा.' हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो खोटा आहे. मुलांना आधी काही सांगू नका. चार प्रश्न फळ्यावर लिहा. हे कुणी सांगितले? कधी सांगितले? आणखी कुठे छापून आले आहे? हे वाचून आपण काय करावे, अशी लिहिणाऱ्याची इच्छा आहे? पहिल्या प्रश्नावर मुले 'युनेस्को' म्हणतील. मग विचारा, युनेस्कोतल्या कुणी, कोणत्या बैठकीत? उत्तर नाही. दुसऱ्यावर तारीखच नाही. तिसऱ्यासाठी शिक्षकाने आपल्या फोनवर युनेस्कोचे संकेतस्थळ उघडावे. राष्ट्रगीतांची अशी स्पर्धा ती संस्था घेतच नाही. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. 'अभिमान वाटावा आणि पुढे पाठवावे' हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या. राष्ट्रगीतावर आपले प्रेम आहेच, त्यासाठी खोट्या प्रमाणपत्राची गरज नाही, हे इथे शांतपणे सांगता येते. राग, भीती किंवा अभिमान एकदम उसळला की बोट थांबवायचे, ही सवय एकदा लागली की जन्मभर पुरते. फोटोचा संदेश असेल, तर गूगल लेन्सवर तो फोटो टाकून आधी कुठे आला होता ते दाखवा. जुन्या पुराचा फोटो नव्या पुराच्या नावाने कसा फिरतो, हे मुले स्वतः पकडतात.

आठवीच्या पुढे सुरक्षिततेचा तास वेगळा घ्या. पासवर्ड कसा ठेवायचा, प्रोफाइल खासगी कसे करायचे, ब्लॉक आणि रिपोर्ट कुठे असते, हे स्मार्ट टीव्हीवर प्रत्यक्ष करून दाखवा. कुणी धमकावले, फोटो मागितला, पैसे मागितले तर काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे: उत्तर देऊ नको, पुसून टाकू नको, स्क्रीनशॉट ठेव, विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांग. पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८ हे क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. मूल असे काही घेऊन तुमच्याकडे आले, तर 'तू फोन घेतलाच का?' हा पहिला प्रश्न नको. तो ऐकला की ते मूल पुन्हा कधी येणार नाही. 'सांगितलंस हे फार चांगलं केलंस' हे आधी म्हणा. मुलाला आलेले आक्षेपार्ह चित्र स्वतःच्या फोनवर घेऊ नका, सहकाऱ्यांना 'बघण्यासाठी' पाठवू नका. मुख्याध्यापक आणि पालकांना सोबत घेऊन थेट पोलिसांकडे जा. लैंगिक छळाचा प्रकार असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे.

आता निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची अ‍ॅपही आली आहेत. बंदी घालून ती जाणार नाहीत. 'आमच्या गावची जत्रा' असा निबंध त्या अ‍ॅपकडून लिहून घ्या, मोठ्याने वाचा आणि मुलांना चुका काढायला सांगा. 'आमच्याकडे पालखी रात्री निघते', 'पाळणे नसतातच, कुस्त्या असतात' असे हात वर होऊ लागतील. आपल्या गावाबद्दल आपल्यालाच जास्त माहीत आहे, हे एकदा उमगले की उतरवून काढण्याची गोडी कमी होते. निबंधाचे विषयही असे द्या, की जे फक्त त्या मुलालाच लिहिता येतील.

कुठे थांबायचे

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावात टीव्ही-मोबाइल बंद राहतात. त्या वेळात मुले अभ्यास करतात, घरची माणसे बोलतात. करोनाच्या काळात फोनवर आलेली शाळा घराघरांत काय ठेवून गेली, हे त्या गावाने वेळीच ओळखले. तुमच्या गावात भोंगा नसेल, पण पालकसभेत असा तास ठरवता येतो. शाळेने मात्र आधी आपला वाटा उचलावा: फोनवर गृहपाठ देऊ नये.

हे दुसऱ्याही कारणासाठी महत्त्वाचे आहे. घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. दोन भावंडांत फोन कुणाला मिळतो, हे बऱ्याच घरांत सांगायला नको. बहीण मागे राहते. फोनवरचा स्वाध्याय दिला की ज्याच्याकडे आधीच कमी आहे, त्याला आपण आणखी मागे ढकलतो. डिजिटल काम शाळेत, शाळेच्या साधनावर, गटात. घरी वही, पुस्तक आणि माणसे.

पहिली-दुसरीत पडदा शक्य तितका कमी ठेवा. त्या वयात हातांना माती, खडे, चिंचोके, खडू हवेत. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा भरही यावरच होता, की तंत्रज्ञान शिकणाऱ्याच्या हितासाठी असावे आणि शिक्षकाशी होणाऱ्या प्रत्यक्ष संवादाची जागा त्याने घेऊ नये.

पहिल्या महिन्यात एवढेच करा

सगळे एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात पालकसभा घ्या. गटाचे नियम आणि फोटोंचे संमतिपत्र मार्गी लावा. दुसऱ्या आठवड्यात एकाच विषयाच्या एकाच घटकासाठी कार्डांची चाचणी घ्या. तिसऱ्या आठवड्यात पाच मुलांच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण करा. सुरुवात ज्यांना वाचताना त्रास होतो त्यांच्यापासून. चौथ्या आठवड्यात एक फॉरवर्ड फळ्यावर तपासा. दीक्षा अ‍ॅपवरचे किंवा पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचे साहित्य वापरायचे असेल, तर आधी स्वतः बघून त्यातले नेमके दोन-तीन तुकडे निवडून ठेवा.

महिना संपला की वहीत प्रत्येक प्रयोगापुढे तीन गोष्टी लिहा: मुलांनी काय केले, कोणाला नवीन काय जमले, किती वेळ गेला. पाठ्यपुस्तक आणि खडूनेच ते अधिक चांगले झाले असते, असे ज्याबद्दल वाटेल तो प्रयोग निःशंकपणे सोडून द्या. ज्यात मागच्या बाकावरचे मूल बोलते झाले, तो ठेवा आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांना तो प्रत्यक्ष करून दाखवा. आपल्याकडे चांगले वर्ग असेच पसरत आले आहेत, एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे.